न दिलेली ओळ

दुपारी तीनच्या सुमाराला वाचनालयात शुभांगीच्या मोबाइलमधला आवाज एकदम थांबला, आणि पुस्तकाच्या उसवलेल्या पाठीला खळ लावणाऱ्या लिलाधरचा हात तिथेच राहिला. शुभांगी ही स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी. रोज खिडकीजवळच्या टेबलाशी बसायची आणि अभ्यासाचा कंटाळा आला की मोबाइल काढायची. आवाज तिने बंद केला नव्हता. मोबाइलमधल्या नाटकात एक बाप बोलता बोलता थांबला होता. लिलाधर मनात मोजू लागला, खरं तर मोजायची त्याला गरज नव्हती. एकेचाळीस सेकंद. मध्येच कुठेतरी एक मूल खोकलं होतं ते त्याला आठवत होतं. इथेही ते खोकलं. मग फळीवर काहीतरी हलकं ठेवल्याचा आवाज आला आणि त्यानंतर एका बाईचा हुंदका. शुभांगीने ओढणीने डोळे टिपले, आणि शांतता राखण्याची पाटी डोक्यावर असताना ती बोललीच, "काका, हे पाह्यलं का तुम्ही? आपल्या करडीचा हाय म्हणते हा. एक शब्द नाही बोलला आन् मले रडू आलं." लिलाधरने खळीची वाटी सरकवून ठेवली आणि वाकून पाहिलं. चौकटीच्या खालच्या कडेला एका लहान बल्बचा पिवळा उजेड होता आणि त्या उजेडात टकलाचा एक तुकडा. हा तुकडा म्हणजे मी, असं त्याने तिला सांगितलं नाही. लाखभर माणसांनी पाहिलं होतं म्हणे. त्या टकलाखालचं तोंड त्या वेळी मुद्दाम मिटलेलं होतं, हे लाखातल्या एकालाही दिसलं नव्हतं.

वाचनालयातली नोकरी पोटासाठी होती. खरा धंदा नाटकाचा, आणि त्यात त्याला बावीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत एकाही पोस्टरवर त्याचं नाव आलं नव्हतं, पण त्यात कुणाचा दोष नव्हता. प्रॉम्प्टरचं नाव कुणी छापत नाही. धान घरात आलं की इकडे झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, शंकरपटात बैल धावतात, लेकीजावई पाहुणे येतात, आणि त्या दिवशी गावात नाटक नसेल तर पाहुण्यांना तोंड दाखवायची पंचाईत होते. नट आज एका कंपनीत बाप तर उद्या दुसरीत खलनायक. महिन्याला वीस-पंचवीस नाटकं, पाठ करायला सवड कुणाला? म्हणून मंचाच्या पुढे मधोमध, ऑर्गनवाल्याच्या बाजूला खड्डा असतो, आणि त्यात बसलेला माणूस वही मांडीवर घेऊन सबंध नाटक आधी बोलतो. ओळ त्याच्या तोंडून निघते, नट ती झेलतो आणि समोरच्या हजारो माणसांना देतो. लिलाधर या कामात पक्का होता. कुणाला अर्धी ओळ पुरते, कुणाला दोनदा द्यावी लागते, कोण आज प्यायलेला आहे आणि कोणती जागा खाणार आहे, हे त्याला पायांवरून कळायचं, कारण खड्ड्यातून आधी पायच दिसतात. आणखी एक गंमत होती. नाटकात देवळाचा प्रवेश आला की मूर्ती मागे ठेवून चालत नाही, नटाची पाठ लोकांकडे होते. म्हणून देव पुढे आहे असं धरायचं, मंचाच्या ऐन कडेला, म्हणजे जिथे प्रॉम्प्टर बसतो तिथेच. बावीस वर्षं नाटकातल्या विधवा, आंधळे, पोरकी मुलं, लुबाडलेले बाप लिलाधरकडे तोंड करून हात जोडत आले होते, आणि पुढचा शब्द मागत आले होते. पहिल्या वर्षी त्याला फार अवघडायला व्हायचं. मग सवय झाली. मागायला येणाऱ्याला शब्द द्यायचा, एवढंच तर काम होतं.

पण तो त्या खड्ड्यात बसायला जन्मला नव्हता, असं निदान त्याचं मत होतं. पंचवीस वर्षांपूर्वी गावच्या मंडळात त्याने याच नाटकातला बाप केला होता. नाटकाचं नाव असं, की पोस्टर वाचूनच बायांनी पदर डोळ्यांना लावावा. बाप नवस फेडायला देवळात जातो आणि तेवढ्यात त्याची सहा वर्षांची लेक तलावात बुडते. शेवटच्या अंकात तो तिची एक चप्पल घेऊन देवासमोर येतो आणि म्हणतो, "देवा, मी तुझं काय बिघडवलं होतं?" तिथून पुढे अडीच पानांचं भाषण. लिलाधरने ते दोन महिने पाठ केलं होतं, बांधावर, न्हाणीत, बैलांसमोर. त्या रात्री त्याच्या डोळ्यांतून खरं पाणी वाहिलं, आवाज कुठे चिरकला नाही, एक शब्द पडला नाही. आणि समोरची माणसं शेंगा खात बसली होती. चिडवलं असतं, हुर्यो केली असती तरी चाललं असतं. कुणी काही केलं नाही. एक म्हातारा उठून लघवीला गेला आणि वाट काढताना त्याने लोकांना म्हटलं, "बसा बसा, अजून हाय बाकी." हे वाक्य लिलाधर पंचवीस वर्षं ऐकत आला होता. दुसऱ्या दिवशी तो तलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, महादेवाकडे गेला आणि सौदा केला. मटण, मासे, तंबाखू सोडला, सोमवार धरले, श्रावणात अनवाणी राहिला. मागणं एकच होतं: एकदा, फक्त एकदा, मी बोलावं आणि समोरच्यांच्या डोळ्यांत पाणी यावं. घर मागितलं नाही, पोर मागितलं नाही. पोर झालंही नाही, आणि ज्योत्सना, त्याची बायको, कधीमधी म्हणायची की मागून तरी पाह्यचं होतं. देवाने काय दिलं, तर तीन वर्षांनी एका कंपनीचा प्रॉम्प्टर आजारी पडला आणि लिलाधरला खड्ड्यात बसवलं. तो म्हणाला, ही पायरी असेल. दहा वर्षं तो पायरीच समजत होता.

मग पाच वर्षांपूर्वी प्रीतम आला. करडीच्या तलावावर मासे धरणाऱ्या ढिवराचा पोरगा, बाप नाही, आई सखाबाई अजून टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला जाणारी. तीस वर्षांचा घोडा, पण अंगात शिस्त नावालाही नाही. नटराजाच्या पूजेला हजर नाही, फोडलेल्या नारळाचं खोबरं मात्र सगळ्यांच्या आधी खाणार. रंग लागेपर्यंत पडद्यामागे पोत्यावर झोपायचा, उठवलं की विचारायचा, "आज कोण हाय मी? बाप का पोरगा?" बाप आहे असं सांगितलं की तोंडावर पाणी मारून मंचावर जायचा आणि बाप व्हायचा. वाचायला त्याला वेळ लागायचा, म्हणून वही त्याने कधी उघडलीच नाही. एकूणएक शब्द लिलाधरने द्यायचा. आणि इथेच सगळी आग होती. दुसऱ्या कुणा नटाचं यश लिलाधर दुरून पाहू शकला असता. हे त्याच्या तोंडातून जात होतं. तो खाली बोलायचा, "माय, मले भाकर नोको, तू जेव," आणि ते वाक्य वहीतल्या शाईसारखं कोरडं निघायचं. दुसऱ्या क्षणी तेच वाक्य वर प्रीतमच्या तोंडातून निघायचं आणि पुढच्या रांगेतल्या बाया तोंडात पदर कोंबायच्या. तेच शब्द, तोच क्रम, मधे एका श्वासाचं अंतर. त्या एका श्वासात काय होतं, ते लिलाधरला पाच वर्षांत कळलं नव्हतं. ढिवराच्या पोराला हे कसं, असाही विचार त्याच्या मनात येऊन गेला होता. त्याची त्याला लाज वाटली होती, पण लाज वाटली म्हणून विचार गेला नाही.

सोमवारी तो महादेवाशी भांडायचा. भांडण म्हणजे ओरडणं नव्हे. त्याचा तो स्वभावच नव्हता. बेल वाहायचा, पाणी घालायचा आणि पिंडीकडे पाहून मनातल्या मनात घरच्या बोलीत बोलायचा. मी तुले जास्त काय मागतलं? दारू पिणाऱ्याले देतं, झोपणाऱ्याले देतं, तुह्या नावाची उदबत्ती न लावणाऱ्याले देतं, अन् माह्या तोंडातून काढून देतं? देणं नव्हतं तं तसं सांगाचं. माह्याकडून काय चुकलं तेवढं सांग, मी दुसऱ्यांदा नाही इचारणार. तो दुसऱ्यांदा विचारायचा, पुढच्या सोमवारी. पिंडीवरून पाणी खाली सरकत जायचं. पुजारी मागून म्हणायचा, झालं का, लोकं उभे हाय. देव नाही, असं मात्र लिलाधरच्या मनात एकदाही आलं नाही. तसं वाटलं असतं तर बरं झालं असतं, माणूस मोकळा तरी होतो. देव होता, ऐकत होता, आणि बोलत नव्हता. एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

करडीच्या शंकरपटाला तेच नाटक लागलं, बापाचं. प्रीतमच्या गावात. सखाबाई पुढच्या रांगेत सतरंजीवर बसली होती. शेवटचा अंक आला, प्रीतम लहान चप्पल हातात घेऊन पुढे कडेला आला, हात जोडले आणि थांबला. ओळ हवी होती. लिलाधरचं बोट वहीत ओळीवर होतं. त्याने काही ठरवलं नव्हतं. निदान वाचनालयात खळीच्या वाटीसमोर बसून तो स्वतःला तसं सांगत होता. तोंड उघडलं नाही, एवढंच. पण ते खोटं होतं आणि त्याला ते माहीत होतं. जीभ टाळ्याला लावून त्याने विचार केला होता: आता बोल. देणाऱ्याने तुला एवढं दिलं आहे ना, आता त्याच्याकडून घे. पाहू दे मला. हजार माणसांसमोर, आईसमोर, तुझं तोंड कसं कोरडं पडतं ते एकदा पाहू दे. प्रीतमने वाट पाहिली. भुवई उचलून त्याने इशारा केला, दुसऱ्यांदा दे. लिलाधरने वर पाहिलं आणि दिलं नाही. मग प्रीतमच्या तोंडावर काहीतरी येऊ लागलं. जोडलेले हात हळूहळू सुटले. ओठ हलले आणि मिटले. तो गुडघ्यांवर बसला, खड्ड्यात पाहत राहिला, लिलाधरच्या डोळ्यांत, आणि लिलाधरला नजर काढता आली नाही. मूल खोकलं. ऑर्गनवाल्याची बोटं पट्ट्यांवर तशीच राहिली. शेवटी प्रीतमने चप्पल मंचाच्या कडेला, लिलाधरच्या नाकासमोर ठेवली, उठला आणि निघून गेला. अडीच पानांचं भाषण वहीतच राहिलं. आणि मग हुंदका आला, आधी एक, मग सगळीकडून, आणि एरवी प्रत्येक गाण्याला 'वन्स मोअर' ओरडणाऱ्या पोट्ट्यांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही.

त्यानंतरचे सतरा दिवस लिलाधर शिक्षेची वाट पाहत होता. घसा बसला म्हणून त्याने कंपनीकडून सुटी घेतली. ज्योत्सनाने ज्येष्ठमध दिलं, ते तो धडधाकट घशाने चघळत राहिला. त्याला वाटलं होतं पडेन, पाय मोडेल, वाचा जाईल. वाचा गेली असती तर त्याने देवाला मानलंच असतं. त्याऐवजी कंपनीचे मालक भैयाजी यांचा फोन आला. बावीस वर्षांत पहिल्यांदा ते त्याला लिलाधरभाऊ म्हणाले. म्हणाले, तुम्ही ती ओळ गिळली म्हणून ती जागा रंगली, नाटक कसं कळते ते तुमच्याकडून शिकावं. लिलाधरने नाही म्हटलं नाही. हे त्याचं दुसरं पाप, आणि पहिल्यापेक्षा ते गोड होतं. पण फोन ठेवल्यावर त्याला कळलं की पंचवीस वर्षांपूर्वी मागितलेलं त्याला मिळालं आहे. समोरच्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते त्याच्यामुळे आलं होतं. फक्त बोलून नव्हे. सौद्यातली ती एक अट देवाने वगळली होती. चेष्टा करावी तर इतकी बेमालूम, असं मनात येऊन तो त्या रात्री जेवला नाही.

शुभांगी पाचला गेली. लिलाधर खिडक्या लावत होता तेव्हा पायऱ्यांशी मोटारसायकल थांबली आणि प्रीतम उतरला. आज त्याने दारू घेतलेली नव्हती, अंगात धुतलेला शर्ट होता. आत न येता तो पायरीवर बसला, म्हणून लिलाधरही बाहेर येऊन बसला. आधी घशाची चौकशी झाली. मग प्रीतमने सांगितलं की करडीनंतर सात प्रयोग झाले आणि सातही वेळा ती जागा पडली. दुसरा प्रॉम्प्टर तुलाराम सांगितल्याप्रमाणे गप्प बसतो, पण गप्प बसून घड्याळ पाहतो. प्रीतमही मनात आकडे मोजतो. लोक व्हिडिओ पाहून आलेले असतात, ते मोबाइल वर धरतात आणि थोड्या वेळाने मागून कुणीतरी ओरडतं, बोल ना बे. भैयाजींनी निर्वाणीचं सांगितलं होतं: शनिवारी लाखांदूरला जागा झाली तर ठीक, नाहीतर बापाचं काम चंद्रपूरच्या एका नटाकडे, आणि पुढच्या हंगामात प्रीतमची गरज नाही. हे सांगताना तो पायरीवरचा वाळलेला खळीचा पोपडा नखाने काढत होता.

"मासे धरणं काई कुठं जाऊन नाही राहिलं," तो म्हणाला. "पण मायले मी सांगून बसलो, का आता टोपली नोको उचलू. तुम्ही बसा न खड्ड्यात, काकाजी. तुम्ही चूप बसले का होते ते."

लिलाधरला हो म्हणता आलं असतं. प्रीतमचं काम राहिलं असतं, सखाबाईची टोपली खाली राहिली असती, आपलंही नाव झालं असतं. पण सतरा दिवस तोंडात धरलेलं आता आतून ढकलत होतं, आणि देव काही विचारत नव्हता. त्याने रस्त्याकडे पाहत म्हटलं, "प्रीतम, ते मी तुह्या भल्यासाठी नोयतं केलं."

"माहीत हाय मले."

"काय माहीत हाय?"

"तुमचं बोट ओळीवर होतं. वरून दिसते. ओळ हरवली असती तं बोट फिरलं असतं." तो पोपडा त्याने फेकून दिला. "लोकं म्हणते प्रीतमनं काम केलं. मी कोणतंच काम करून नोयतो राहिलो. मी तुमच्याकडं पाहून राहिलो होतो, का ह्या माणसाचं मी काय बिघडवलं."

लिलाधरने ते ऐकलं. वहीतली ओळ हीच होती, फक्त तिच्यात 'देवा' जास्त होतं.

"काही नाही बिघडवलं," तो म्हणाला.

"मंग काहून?"

काही तरी मोठं उत्तर असेल असं लिलाधरलाही त्या क्षणापर्यंत वाटत होतं. पंचवीस वर्षांचं काहीतरी, ज्यात नवस येईल, तप येईल, अन्याय येईल. त्याने आत पाहिलं आणि तिथे जे होतं ते उचललं. "तुले येते," तो म्हणाला. "मले येत नाही. म्हणून."

"येवढंच?"

"येवढंच."

प्रीतम चिडला नाही. कोंड्याने भरलेला एक ट्रक धूळ उडवत वळणाआड गेला. प्रीतमच्या तोंडावरचं काहीतरी उतरलं होतं. करडीच्या रात्रीपासून तिथे असलेली, आणि लिलाधरला आत्ता, गेल्यावर, जाणवलेली एक कळ. तो तोंडावर हात फिरवून म्हणाला, "मंग शनिवारी नोका येऊ, काकाजी."

"काहून? मी बसतो. चूप बसतो."

"नाही होणार आता. काहून ते माहीत नोयतं मले, तवा होत होतं. बाकी सात खेळांतही तेच आठवून आठवून उभा राहो, थोडंसं तरी येऊन राहिलं होतं. आता काय आठवू? येवढंसं तं कारण होतं." तो उठला, चावी लावली. रागाने नव्हे, अगदी साधेपणाने, कुणी हवापाण्याचं बोलावं तसं तो म्हणाला, "नसतं सांगतलं तं बरं झालं असतं."

गाडीचा आवाज बाजाराकडे गेला. लिलाधरने वाचनालयाला कुलूप लावलं. ओळ गिळून त्याला प्रीतमला पाडायचं होतं आणि त्याने त्याला उभा केला. आणि आज कसलाही हेवा मनात नसताना, खरं बोलून, त्याने त्याला पाडला. आपल्याला त्याचं वाईट वाटतं आहे हे त्याला स्वच्छ कळत होतं. इतकं वाईट त्याला स्वतःबद्दलही कधी वाटलं नव्हतं. घरी न जाता त्याने गावाकडची बस धरली. वार मंगळवार होता, त्याचा नेमाचा नव्हता, आणि पाळीवरच्या देवळात कुणी नव्हतं. पुजारी जेवायला गेला होता. तलावात पाणी उतरलं होतं, कडेच्या चिखलात बगळे चालत होते. लिलाधर पिंडीसमोर बसला. बेल आणला नव्हता, पाणीही आणलं नव्हतं. सवयीने त्याच्या मनात प्रश्न उभा राहू लागला: माह्याकडून काय चुकलं, तेवढं सांग. तो अर्ध्यावर आला, आणि लिलाधरने तो तिथेच धरला. गाभाऱ्यात गार होतं, पिंडीवर दुपारचं पाणी वाळून पांढरे ओघळ उठले होते. इथे कुणीतरी आहे, हे त्याला नेहमीसारखंच, कदाचित नेहमीपेक्षा जास्त, जाणवत होतं. पंचवीस वर्षं त्याने या जागेकडून एक वाक्य मागितलं होतं, आणि ते न मिळण्यावरच सगळा संसार, सगळे उपास, सगळी नाटकं उभी केली होती. आणि ते वाक्य असं निघालं तर? काही नाही चुकलं, येवढंच, असं म्हणून समोरचा गप्प झाला तर? आज पायरीवर प्रीतमच्या तोंडावरून काय उतरून गेलं ते त्याने पाहिलं होतं. देव बोलणार नाही, याचं त्याला इतकी वर्षं दुःख होतं. आता पहिल्यांदा त्याला भीती वाटली, की बोलेल. तो चटकन उठला, नमस्कारही न करता, आणि मागे न पाहता पायऱ्या उतरून पाळीवरून चालू लागला, एखाद्याने हाक मारण्याआधी दूर जायचं असावं तसा.